फलटणमधील संशोधन: करडई, इंधन, मेंढी आणि वाचन यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यातील फलटण येथे गेल्या पाच-सहा दशकांत शेती, अभियांत्रिकी, पशुसंवर्धन आणि भाषाशिक्षण या क्षेत्रांत जे संशोधन झाले, त्याबद्दल विद्यार्थी, शिक्षक आणि शेतकरी मला अनेक प्रश्न विचारतात. त्यांपैकी नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तो विषय दोन ओळींत सांगितला तर त्यातला महत्त्वाचा भाग निसटतो.

इतके वेगवेगळे विषय एका तालुक्याच्या गावी एकत्र कसे आले?

याचे उत्तर बरेचसे एका कुटुंबाच्या आणि त्या कुटुंबाशी जोडल्या गेलेल्या माणसांच्या इतिहासात आहे. बनबिहारी विष्णू निंबकर यांनी १९६८ साली फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था (इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘नारी’) स्थापन केली. त्यांच्या मातोश्री कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकन. भारतात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू करण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. निंबकरांच्या पत्नी जाई निंबकर लेखिका, आणि इरावती कर्वे यांच्या कन्या. पुढच्या पिढीत नंदिनी निंबकर यांनी करडई आणि गोड ज्वारीवर, तर चंदा निंबकर यांनी शेळ्या-मेंढ्यांवर काम केले. अनिल राजवंशी फ्लोरिडा विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन १९८१ मध्ये फलटणला आले आणि त्यांनी ऊर्जेचे काम हाती घेतले. भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन १९६० च्या दशकात फलटणच्या बोलीचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेतून आल्या आणि येथेच राहिल्या. पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले.

मात्र माणसे एकत्र आली एवढ्याने संशोधन होत नाही. फलटण पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे आणि वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. नीरा उजव्या कालव्याखाली ऊस उभा असतो, तर कालव्यापासून दूर गेले की ज्वारी, बाजरी, करडई आणि मेंढरे. दोन्ही प्रकारची शेती आणि दोन्ही प्रकारचे प्रश्न येथे काही मैलांच्या आत सापडतात. या प्रश्नांना संशोधनाच्या शिस्तीने भिडावे, असे येथील मंडळींनी ठरवले. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

करडईच्या काट्यांवर संशोधन करण्याची गरज का पडली?

ज्याने करडई काढली आहे, त्याला हा प्रश्न पडणार नाही. पीक पक्व झाले की पानांच्या कडांचे आणि बोंडाभोवतीचे काटे वाळून सुईसारखे ताठ होतात. म्हणून काढणी भल्या पहाटे, दवाने काटे थोडे मऊ असताना करतात. उन्हे वर आली की काम थांबवावे लागते. हातांना फडकी गुंडाळली तरी मनगटापर्यंत ओरखडे उठतातच, आणि त्यामुळे मजूर मिळणेही कठीण होते. करडईची मुळे खोल जातात, रब्बीत जमिनीतील ओलाव्यावर पीक निघते, तेलही उत्तम प्रतीचे असते. तरीही शेतकरी तिच्यापासून दूर जाऊ लागले, त्याच्या कारणांमध्ये हे काटे नक्कीच होते.

बिनकाट्यांच्या करडईचे झाड मिळणे ही अडचण नव्हती. अशी झाडे पूर्वीपासून माहीत होती, परंतु त्यांचे उत्पादन किंवा तेलाचे प्रमाण काटेरी वाणांच्या तुलनेत कमी पडे. काटे जावेत आणि उतारा टिकावा, यासाठी पिढ्यानपिढ्यांचे संकर आणि निवड करावी लागली. त्यातून ‘नारी-६’ हे बिनकाट्यांचे वाण आणि ‘नारी-एनएच-१’ हे बिनकाट्यांचे संकरित वाण तयार झाले.

संकरित बियाणे तयार करताना काय करावे लागते, तेही सांगतो. येथे वापरलेल्या पद्धतीत मादी ओळीतील साधारण निम्मी झाडे नरवंध्य असतात आणि निम्मी परागकण देणारी असतात. फुलोरा येताच माणसाने ओळीतून चालत जाऊन एकेका झाडाचे फूल पाहायचे आणि परागकण देणारे झाड उपटून टाकायचे. हे काम काही दिवसांतच पूर्ण व्हावे लागते, कारण उशीर झाला की बियाणे अशुद्ध होते. एका नव्या वाणामागे असे किती हंगाम गेलेले असतात, याची कल्पना बियाण्याच्या पिशवीवरून येत नाही.

काटे गेल्याचा आणखी एक लाभ झाला. करडईच्या पाकळ्या हाताने वेचता येऊ लागल्या. वाळवलेल्या पाकळ्यांचा चहासारखा काढा करतात आणि नैसर्गिक रंगासाठीही त्यांचा उपयोग होतो.

गोड ज्वारी म्हणजे काय? तिच्यापासून साखर का करत नाहीत?

गोड ज्वारीचे ताट उसासारखे रसाळ असते. कणसाचे दाणे खाण्यासाठी, ताटाचा रस गोडव्यासाठी किंवा इथेनॉलसाठी, आणि रस काढून उरलेली चिपाडे जनावरांसाठी, असा तिचा तिहेरी उपयोग होतो. फलटणच्या संस्थेने ‘मधुरा’ हे वाण याच विचाराने विकसित केले. ऊस शेतात वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ राहतो. ज्वारी चार महिन्यांच्या आसपास निघते आणि तिला पाणीही पुष्कळ कमी लागते.

साखर न करण्याचे कारण रसायनशास्त्रात आहे. या रसात उसाच्या साखरेबरोबर ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि स्टार्चही असते. त्यामुळे दाणेदार साखर नीट बनत नाही. रस आटवला तर काकवी मात्र उत्तम होते. दुसरी अडचण वेळेची आहे. ताटे तोडल्यावर ती तशीच पडून राहिली तर त्यांतील साखर घटते. म्हणून चरक शेताजवळ असणे आवश्यक ठरते.

पाणी मिसळलेल्या इथेनॉलवर शेगडी कशी चालेल?

संस्थेने पाणी मिसळलेल्या इथेनॉलवर चालणारी स्वयंपाकाची शेगडी तयार केली, म्हणून हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. त्याचे उत्तर साध्या गणिताने देता येते.

रस आंबवल्यावर त्यात मद्यार्काचे प्रमाण साधारणपणे दहा टक्क्यांहून कमी असते. ऊर्ध्वपातनाने ते ५०-६० टक्क्यांपर्यंत नेणे तुलनेने सोपे आहे. त्यापुढे ९५ टक्क्यांपर्यंत जायचे असेल तर उंच स्तंभ, अधिक उष्णता आणि अधिक काटेकोर नियंत्रण लागते. वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांवर इथेनॉल आणि पाणी एकाच प्रमाणात वाफ होऊ लागतात, त्यामुळे नेहमीच्या ऊर्ध्वपातनाने त्यापुढे जाताच येत नाही. गावपातळीवर इंधन तयार करायचे असेल, तर जेथे काम अवघड होते तेथे ते थांबवणे आणि शेगडीच तशा इंधनाला साजेशी बनवणे, हा शहाणपणाचा मार्ग आहे.

आता नुकसान किती होते ते पाहू. एक किलो इथेनॉल जळाले की सुमारे २७ मेगाज्यूल उष्णता मिळते. त्याच्याबरोबर एक किलो पाणी असेल आणि ते सगळे तापवून त्याची वाफ करावी लागली असे धरले, तरी सुमारे २.६ मेगाज्यूल उष्णता खर्च होते, म्हणजे जवळपास दहावा भाग. त्या बदल्यात इंधन सांडल्यावर भडका उडण्याचा धोका कमी होतो. चुलीच्या धुरात रोज दोन-तीन तास बसणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने हा सौदा वाईट नाही. याच इंधनविचारातून ‘नूरी’ हा कंदीलही तयार झाला. त्याचा प्रकाश जुन्या १०० वॅटच्या बल्बच्या जवळपास पोहोचत असे.

मग अशा शेगड्या घरोघर का दिसत नाहीत?

निम्मे पाणी मिसळलेले इथेनॉल म्हणजे अबकारी कायद्याच्या दृष्टीने मद्यार्कच, आणि त्याचे उत्पादन, वाहतूक व साठवण या सर्वांवर परवान्यांचे निर्बंध आहेत. पिण्याचा गैरवापर होईल ही शासनाची भीती निराधार नाही. परंतु त्यामुळे ग्रामीण स्वयंपाकाच्या इंधनाचा एक चांगला पर्याय प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर अडून राहिला, ही खंत मला वाटते. पुढे स्वयंपाकाचा गॅस खेड्यांत अधिक पोहोचला आणि देशातील इथेनॉल मुख्यतः पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी जाऊ लागले. उपयोजित संशोधनाचे यश केवळ यंत्र चालण्यावर ठरत नाही. इंधन कोण विकणार, दर कोण ठरवणार आणि कायदा काय म्हणतो, हे प्रश्नही अभियंत्याला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर ठेवावे लागतात.

उसाच्या पाचटाचे काय झाले?

ऊस तुटून गेला की शेतात पाचट उरते आणि अनेक ठिकाणी ते पेटवून दिले जाते. संस्थेत पाचट व तत्सम सुट्या, हलक्या काडीकचऱ्यावर चालणाऱ्या वायुजनित्रावर काम झाले. मर्यादित हवेत पाचट अर्धवट जाळले की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असलेला ज्वलनशील वायू मिळतो. लाकडाचे तुकडे वापरणे सोपे असते. पाचट मात्र फुगीर असल्याने भट्टीत सारखे भरावे लागते आणि त्याच्या राखेतील क्षार वितळून खडे बनतात. जमिनीला सेंद्रिय कर्ब हवा असल्याने सगळेच पाचट जाळावे असे मी म्हणणार नाही. काही भाग शेतात कुजू देणे आवश्यकच आहे.

विजेवर चालणारी रिक्षा फलटणला तयार झाली होती, हे खरे का?

होय. १९९० च्या दशकात संस्थेने सुधारित सायकल रिक्षा, मोटारीची जोड असलेली पायडल रिक्षा आणि पूर्ण बॅटरीवर चालणारी रिक्षा यांचे आराखडे तयार करून त्यांच्या चाचण्या घेतल्या. देशात ई-रिक्षा रस्तोरस्ती दिसू लागल्या त्या त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि त्यांच्यासाठी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली ती २०१५ मध्ये.

मेंढीला जुळी कोकरे व्हावीत यासाठी नेमके काय संशोधन झाले?

आपल्याकडील दख्खनी मेंढी सहसा एका वेताला एकच कोकरू देते. धनगर कुटुंबाचे उत्पन्न मुख्यतः कोकरांच्या विक्रीवर चालते. लोकरीला भाव उरलेला नाही, घोंगड्यांचा व्यवसाय आटला आहे. शेतात मेंढरे बसवण्याचे पैसे किंवा धान्य मिळते, पण त्यावर घर चालत नाही. मेंढ्यांची संख्या वाढवावी तर चराऊ राने कमी होत चालली आहेत. म्हणजे मेंढ्या तेवढ्याच ठेवून कोकरे वाढवता आली तरच उत्पन्न वाढेल, असा हा पेच होता.

याचे उत्तर सुंदरबनातील गरोळ या लहानखुऱ्या मेंढीत सापडले. दलदलीच्या, उष्ण आणि दमट प्रदेशातील ही मेंढी बहुधा दोन कोकरे देते. तिची कहाणी विलक्षण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून काही मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या. पुढे तेथे ‘बुरूला’ नावाचा, अनेक कोकरे देणारा मेरिनो कळप प्रसिद्ध झाला. २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यामागचे जनुकीय उत्परिवर्तन शोधून काढले. त्याला ‘फेक-बी’ म्हणतात. त्यानंतर गरोळ मेंढ्यांची तपासणी झाली तेव्हा तेच उत्परिवर्तन त्यांच्यातही आढळले. ऑस्ट्रेलियातील त्या कळपाचा गुण मूळचा बंगालचा होता, हे त्यातून स्पष्ट झाले.

हे उत्परिवर्तन बीजांडकोशातील पेशींवरच्या एका ग्राहक प्रथिनात असते. त्यामुळे बीजपुटिका लवकर पक्व होतात आणि एका माजाच्या वेळी एकाऐवजी दोन किंवा अधिक बीजे सुटतात.

गरोळ मेंढा थेट दख्खनी मेंढीवर सोडून भागत नाही, कारण गरोळचे वजन दख्खनीच्या जवळपास निम्मेच असते आणि लहान जनावराला बाजारात भाव मिळत नाही. म्हणून पहिल्या संकरानंतर पुन्हा पुन्हा दख्खनीशी संकर करत जायचे, आणि प्रत्येक पिढीत जनुक असलेली पिल्लेच पुढे ठेवायची. पिल्लू पाहून जनुक ओळखता येत नाही. नराच्या बाबतीत तर तो गुण दिसण्याचा प्रश्नच नाही. त्यासाठी रक्ताच्या नमुन्यावरून डीएनए चाचणी करावी लागते, आणि या कामात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे व ऑस्ट्रेलियातील संशोधकांचे साहाय्य मिळाले. या प्रयत्नातून तयार झालेल्या मेंढीला ‘नारी सुवर्णा’ हे नाव मिळाले.

हा जनुकीय अभियांत्रिकीचा प्रकार आहे का?

नाही. मेंढीच्या शरीरात बाहेरून जनुक घातलेले नाही. उत्परिवर्तन निसर्गात आधीपासून होते. पैदास नेहमीच्याच मार्गाने झाली, आणि प्रयोगशाळेचे काम जनुक कोणत्या पिल्लात आहे हे ओळखण्यापुरते होते.

जितकी कोकरे जास्त, तितका फायदा जास्त, असे समजावे का?

असे समजू नये. जनुकाची एक प्रत असलेली मेंढी सरासरी दीडच्या आसपास कोकरे देते, म्हणजे काही वेतांना एक आणि काहींना दोन. दोन प्रती असतील तर तिळी होण्याची शक्यता वाढते, आणि कोरड्या माळावर चरणाऱ्या मेंढीला तेवढे दूध नसते. मेंढीला सड दोनच असतात. तिसरे कोकरू अशक्त राहते आणि बऱ्याचदा दगावते. दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या कळपाबरोबर जाणाऱ्या कुटुंबाला वाटेत अशी कोकरे सांभाळणे किती जड जाते, हे त्यांच्याबरोबर दोन दिवस चालल्याशिवाय कळत नाही. ओली मेंढी आणि दोन दिवसांचे कोकरू, एक काखेत आणि एक घोड्यावरच्या बाजेत, असा त्यांचा प्रवास असतो. म्हणून संशोधकांनी मेंढ्या आणि मेंढे स्थानिक मेंढपाळांच्या कळपांत दिले आणि तेथे जन्म, वजन व मरतूक यांच्या नोंदी ठेवल्या. गाभण मेंढीला शेवटच्या महिन्यात आणि व्यायल्यावर थोडा खुराक देण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनाच या जातीचा खरा लाभ होतो.

भाषाशिक्षणाला संशोधन का म्हणावे? ते तर शिकवणे झाले.

मॅक्सिन बर्नसन यांचे डॉक्टरेटचे काम फलटणमध्ये वेगवेगळ्या समाजांतील माणसे मराठी कशी बोलतात, यावर होते. बोली, जात आणि शिक्षण यांचा संबंध त्यांनी अभ्यासक म्हणून पाहिला होता. त्याच गावात शाळेबाहेर राहिलेली किंवा चार वर्षे शाळेत जाऊनही वाचता न येणारी मुले त्यांना दिसली आणि त्या शिकवू लागल्या. १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. पुढे डॉ. मंजिरी निंबकर यांनी शाळेची जबाबदारी सांभाळली.

मूल वाचायला का शिकत नाही, हा प्रश्न करडईच्या काट्यांइतकाच खरा आहे आणि त्याची व्याप्ती त्याहून कितीतरी मोठी आहे. २०१८ च्या ‘असर’ सर्वेक्षणात ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला होता. पद्धत बदलायची, मुले काय चुका करतात ते नोंदवायचे, पुन्हा पद्धत सुधारायची, यालाच संशोधन म्हणतात. त्यासाठी पांढरा अंगरखा लागत नाही.

‘अ आ इ ई’पासून सुरुवात करण्यात काय अडचण आहे?

जुन्या क्रमात मूल आधी सगळे स्वर, मग सगळी व्यंजने, मग बाराखडी शिकते, आणि त्यानंतर शब्द येतात. घरी पुस्तके असलेल्या मुलाचे यात फारसे बिघडत नाही, कारण वाचन म्हणजे काय हे त्याने पाहिलेले असते. ज्याच्या घरात छापील कागद म्हणजे वाण्याची पुडी, त्याला मात्र महिनोन्‌महिने अर्थहीन चिन्हे घोकावी लागतात.

याला पर्याय म्हणजे अक्षरांचे छोटे गट करणे. उदाहरणासाठी क, म, ल ही तीन अक्षरे आणि काना एवढेच घ्या. यांतून काका, मामा, काम, काल, माल, लाल, मका, मला, कमल असे शब्द लगेच तयार होतात, आणि ‘मामा, मला मका!’ हे बोलणेही वाचता येते. पहिल्या काही आठवड्यांतच मुलाच्या हाती स्वतः वाचलेले, अर्थ असलेले वाक्य येते. मी एका वर्गात सात वर्षांच्या मुलीला बोट ठेवत ‘का… म… काम’ असे जुळवताना पाहिले आहे. ती आधी ‘म’चा उच्चार लांबवून ‘कामऽ’ म्हणाली, मग थबकली आणि आपोआप ‘काम’वर आली. शब्दाच्या शेवटी अकार मिटतो हा नियम तिला कोणी सांगितला नव्हता. शब्द तिच्या ओळखीचा होता म्हणून नियम तिला सापडला. अर्थहीन अक्षरे घोकताना हे घडू शकत नाही.

अर्थात केवळ अक्षरगट पुरेसे नाहीत. त्यांच्याबरोबर गोष्टी वाचून दाखवणे, मुलांशी भरपूर बोलणे आणि त्यांच्या मनातले चित्रांतून व मोडक्यातोडक्या लिखाणातून उमटू देणे हेही तितकेच आवश्यक आहे. आणि जोडाक्षरे, ऱ्हस्व-दीर्घ, तसेच ‘चहा’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’चे दोन उच्चार यांसाठी सावकाश वेळ द्यावाच लागतो.

मूल ‘पानी’ म्हणाले तर शिक्षकाने काय करावे?

त्याला वाचू द्यावे. ‘पाणी’ हा शब्द पाहून मूल ‘पानी’ म्हणत असेल, तर त्याला शब्द ओळखता आला आणि अर्थही कळला. वाचनाचे काम तेथे पूर्ण झाले. त्याच क्षणी उच्चार सुधारायला लावला, तर आपण चुकलो एवढेच त्याला समजते आणि ते गप्प होते. प्रमाण भाषा शिकवावी, अवश्य शिकवावी, कारण पुढचे शिक्षण आणि नोकरी तिच्यावर अवलंबून आहे. मात्र ती घरच्या बोलीच्या जोडीला यावी. घरची भाषा अशुद्ध ठरवून तिच्या जागी बसवू नये. ज्या मुलाच्या आईचे बोलणे शाळेत चूक ठरते, ते मूल शाळेला आपली मानणार नाही.

आपल्या गावात असे संशोधन सुरू करायचे असेल तर विद्यार्थ्याने काय करावे?

प्रश्न एकच आणि लहान घ्यावा, जो रोज डोळ्यांसमोर घडतो आणि मोजता येतो. महागड्या उपकरणांच्या आधी एक जाड वही घ्यावी आणि तीत तारीख, वेळ, मोजमाप आणि मोजणाऱ्याचे नाव हे रकाने पाडावेत. मोजमापाची वेळ व पद्धत पहिल्या दिवशी ठरवावी आणि मधेच बदलू नये. कोकरांच्या वाढीचा अभ्यास असेल तर वजन सकाळी, कळप चरायला सोडण्यापूर्वी घ्यावे, कारण संध्याकाळी भरल्या पोटाने तेच कोकरू अधिक भरते आणि वाढ झाल्याचा भास होतो. वाचनाचा अभ्यास असेल तर मुलाने न पाहिलेला मजकूर वापरावा, नाहीतर पाठांतरालाच आपण वाचन समजू. जे कोकरू मेले किंवा जे मूल मधेच शाळा सोडून गेले, त्याची ओळ खोडू नये. काय झाले ते तिच्यापुढे लिहावे आणि ती ओळ तशीच ठेवावी.